दिव्यावरचे कुंकू

तिरोड्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या ‘दिव्या फोटो स्टुडिओ’चे शटर सकाळी तिथे अल्बम बनवणारी रुचीच उघडत असे. त्या दिवशीही तिने स्कूटी कडुनिंबाखाली लावली, तोंडाभोवतीचा स्कार्फ सोडून डिक्कीत ठेवला आणि आधी उजवीकडचे, मग डावीकडचे कुलूप काढले. उलट केले तर शटर तिरपे होऊन मध्येच अडकायचे. पायरीवर पाणी शिंपडून झाल्यावर तिने काउंटरमागच्या देवीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळली आणि विजेकडे वळली. विजेचाही क्रम ठरलेला होता. पहिल्यांदा स्टॅबिलायझर; त्याचा काटा थरथरायचा थांबला की इन्व्हर्टरची लाइन; मग भिंतीवरची, सगळ्या संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी; आणि शेवटी आतल्या खोलीत लाकडी फळीवर ठेवलेला काळा डबा.

त्या डब्याला कंपनीने दिलेले लांबलचक नाव होते, पण स्टुडिओत त्याला डबाच म्हणत. त्याच्या पोटात चार हार्ड डिस्क पुस्तकांसारख्या उभ्या खोचलेल्या होत्या, आणि त्याच्यातून निघालेल्या तारेवरून स्टुडिओतले सगळे संगणक एकाच ठिकाणचे फोटो उघडत. तिरोडा, दवनीवाडा आणि थेट देवरीपर्यंतच्या गावांतली कित्येक वर्षांची लग्ने, साक्षगंधे, बारशी त्यात साठलेली होती. डब्याच्या तोंडावर एका ओळीत चार बारीक दिवे होते, दर डिस्कचा एक. दसऱ्याला स्टुडिओतल्या यंत्रांची पूजा होई आणि मालक देवेंद्रची आई रुख्माबाई ती स्वतः करी. कॅमेऱ्यांना, प्रिंटरला हळदीकुंकू लावत ती डब्यापाशी आली, तेव्हा त्या चार दिव्यांना तिने चार पणत्यांचा मान दिला होता. प्रत्येकावर ओल्या हळदीचे बोट टेकवून तिने वर कुंकू लावले. पूजेचे कुंकू कोणी पुसत नाही. झडेल तेव्हा झडेल म्हणून सगळ्यांनी ते राहू दिले. आता पौष लागला होता आणि दिव्यांवरचे लाल पोपडे अजून जागच्या जागी होते.

डबा जागा व्हायला वेळ घेई. तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा येई, रुची तो उभ्यानेच संपवी आणि आपल्या संगणकापुढे बसे. गेल्या काही आठवड्यांत मात्र तो चहा पुरेनासा झाला होता. एखाद्या लग्नाचा फोल्डर उघडायला जावे, तर पडद्यावरचे निळे वर्तुळ फिरत राही. देवेंद्र कधी म्हणे व्होल्टेज कमी आहे, कधी म्हणे वायर जुनी झाली. मार्गशीर्षातल्या लग्नांच्या घाईत दोघेही ते विसरून जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्तुळाकडे बघत बसत. हळूहळू त्याची सवय झाली, आणि सवय झाल्यावर तो बिघाड आहे असे कोणाला वाटेनासे झाले.

त्या सकाळी पहिले गिऱ्हाईक आले ते डोके भादरलेले, खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकलेले. पंचेचाळिशीचा माणूस, पायांत मातीने भरलेल्या चपला. त्या त्याने पायरीखालीच काढल्या. दवनीवाड्याहून आलो, नाव ओमेश, असे त्याने सांगितले. आई वारली होती. तेरवी परवावर आली होती, आणि भिंतीला लावायला आईचा फोटो नव्हता.

असे कोणी ना कोणी महिन्याकाठी येतच असे. या गावांतल्या म्हाताऱ्या बायका स्वतःचा फोटो काढायला कधी स्टुडिओत येत नाहीत. त्यांचे फोटो दुसऱ्यांच्या लग्नांत निघतात. कोणाच्या हळदीला, कोणाच्या पंगतीत वाढताना, नवरदेवाच्या खांद्याआडून. माणूस गेले की घरचे लोक आठवून आठवून सांगत, अमक्याच्या मांडवात होती, पाहा. मग रुची ते लग्न शोधून काढी, शेजारचा खांदा पुसून टाकी, मागे निळा रंग भरी, आणि जन्मभर कडेला उभी राहिलेली बाई फ्रेमच्या मधोमध येई.

ओमेशने खिशातून आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवले. शामकला, असे त्यावर नाव होते. चेहरा धुरकट आणि डोळे अर्धवट मिटलेले.

“याच्यात माय भेलेली दिसते,” तो म्हणाला. “कोनी दमदाटी करून बसवल्यावानी. हे भिंतीले लावू का मी?”

मग त्याने विचारायच्या आधीच सांगितले. काकाची मुलगी चमेली, तिचे लग्न याच स्टुडिओने काढले होते. वर्ष त्याला नेमके आठवत नव्हते, पण त्याचा धाकटा मुलगा तेव्हा चालायला लागला होता. चमेली आता डोंगरगडकडे नांदत होती आणि तिचा अल्बम घराच्या पडझडीत भिजून गेला होता. “हळद लावताना माय हासून राहिली होती. मी पाह्यलं आहे,” तो म्हणाला, जणू काही त्याचे म्हणणे कोणीतरी नाकारणार होते.

रुचीने त्याला खुर्ची दिली आणि त्या सुमाराच्या वर्षाचा फोल्डर उघडायला घेतला. निळे वर्तुळ फिरू लागले. ओमेश पाठ ताठ ठेवून, हात गुडघ्यांवर घेऊन पडद्याकडे बघत राहिला. एरवी रुचीने या वेळेत दुसरे काहीतरी उरकले असते. पण शेजारी एक माणूस आईची वाट पाहत बसला असताना तिला त्या वर्तुळाकडे पाहवेना. ही खोळंब्याची सवय आपण कशी काय करून घेतली, असे तिला प्रथमच वाटले. तिने चहा मागवून ओमेशच्या हातात दिला, थोडा वेळ लागेल म्हणून सांगितले आणि उठली.

गोंदियाच्या कॉलेजात तिला शिकवले होते की बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तिने तोच फोल्डर देवेंद्रच्या संगणकावर उघडून पाहिला; तिथेही वर्तुळ फिरत राहिले. म्हणजे दोष तिच्या संगणकात नव्हता. मग तिने कपाटातली नवी तार काढली आणि भिंतीवरची पेटी मधून वगळून लॅपटॉप सरळ डब्याला जोडला. तरी तेच. म्हणजे तारेत नव्हता, पेटीतही नव्हता. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सगळेच फोटो सावकाश उघडत नव्हते. काही चटकन येत, मध्येच एखाद्यावर सगळे अडे, आणि तेवढा वेळ फळीवरून कट्, कट् असा बारीक आवाज येई. कोणीतरी नखाने पत्रा वाजवावा तसा. तो आवाज पंख्याचा आहे असे ती आजवर समजत आली होती.

डबा आपल्या प्रकृतीची नोंद ठेवतो ते पान तिने उघडले. ते पान डबा बसवला त्या दिवसानंतर कोणी उघडलेच नव्हते. त्यावर लिहिलेले तिने दोनदा वाचले. तिसरी डिस्क दसऱ्यानंतरच्या आठवड्यातच बंद पडली होती. दुसरी चालू होती, पण तिच्यावरच्या वाचता न येणाऱ्या जागा दिवसेंदिवस वाढत होत्या.

या डब्याची रचना अशी होती की चारांतली एक डिस्क गेली, तर उरलेल्या तिघी मिळून तिची उणीव भरून काढत. काम थांबत नसे, फक्त जड होई. पण तशात आणखी एक गेली, तर उरलेल्या दोघींच्या हाती काहीच राहत नसे. सगळी गावे, सगळे मांडव एकदमच जात. म्हणून तर डिस्क मरताच डब्याने कर्कश ओरडायचे आणि दिवा लाल करायचा, अशी सोय कंपनीने करून ठेवली होती. ओरडणे देवेंद्रने पहिल्याच उन्हाळ्यात बंद करून टाकले होते. वीज जरा गेली-आली की डबा किंचाळे आणि दुपारी आडवी झालेली रुख्माबाई दचकून उठून बसे. राहिला दिवा.

रुचीने कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, फळीपाशी गेली आणि क्षणभर थांबली. मग तिने पहिल्या दिव्यावरचे कुंकू हलक्या हाताने टिपून काढले. हिरवा. दुसरा पिवळा होता, आणि मध्येच विझून पुन्हा लागत होता. तिसऱ्यावरचा पोपडा निघाला तेव्हा खालून तसाच लाल उजेड आला. रोज सकाळी डबा चालू करताना ती त्या लालाकडे पाहत आली होती.

देवेंद्र आला तो दोन्ही खांद्यांवर कॅमेऱ्याच्या बॅगा घेऊन. पौषात लग्ने नसतात, तेव्हा तो बॅगा साफ करी. दारातूनच त्याने विचारले, “क्या हुआ मॅडम, डब्बा फिर सो गया?” मग आत बसलेले भादरलेले डोके त्याला दिसले आणि त्याने बॅगा हळूच खाली ठेवल्या. रुचीने त्याला आतल्या खोलीत नेले, दिवे दाखवले आणि पान दाखवले. देवेंद्र चाळिशीचा, जाडजूड, सदा बोलणारा माणूस. तो लाकडी स्टुलावर बसला आणि कितीतरी वेळ पुसलेल्या दिव्यांकडे बघत राहिला. मार्गशीर्षातली लग्ने अजून लोकांना द्यायची होती, आणि कॅमेऱ्यातली कार्डे पुढच्या कामासाठी पुसून झाली होती. ते त्याला सांगावे लागले नाही.

गोंदियाहून आजच नवी डिस्क आणून तिसरीच्या जागी घालतो, असे तो म्हणाला. डबा आपोआप तिला भरून घेईल. रुचीने नाही म्हणून मान हलवली. नवी डिस्क भरायची तर उरलेल्या तिघींचे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाचावे लागणार. दुसरीला ते झेपणार नाही. भरता भरता ती जाईल. आधी आत जे आहे ते बाहेरच्या मोठ्या डिस्कवर उतरवून घेऊ, डिस्क बदलण्याचे नंतर पाहू. उतरवतानाही आधी फोटो, कारण ते आकाराने लहान आणि संख्येने जास्त, व्हिडिओ मागाहून. देवेंद्रने हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाला, “आईले सांगू नको. ती म्हणेल, माह्या कुंकवानंच डबा मेला.”

त्याने बाहेरची डिस्क आणून जोडली. रुचीने बाकीच्या संगणकांच्या तारा काढल्या, म्हणजे दुसरे कोणी डब्याला त्रास देणार नाही, आणि गावांचे फोल्डर ओळीने लावून उतरवायला सुरुवात केली.

ओमेश अजून तसाच बसला होता. त्याला नुसते थांबा म्हणणे रुचीच्या जिवावर आले. तेव्हा तिला आठवले की अल्बम बनवायच्या प्रोग्रॅमने प्रत्येक फोटोची एक बारीक प्रत तिच्याच संगणकावर ठेवलेली असते, निवड करताना भराभर बघता यावे म्हणून. त्यासाठी डब्याला हात लावायची गरज नव्हती. तिने खुर्ची ओढून ओमेशला जवळ बोलावले आणि ते वर्ष उघडले. या वेळी वर्तुळ फिरले नाही. आगपेटीएवढे फोटो पडद्यावर सरसर येऊ लागले.

फोल्डरला गावाचे आणि काम सांगणाऱ्याचे नाव द्यायची स्टुडिओची रीत होती, आणि चमेलीच्या लग्नाचे काम कोणी सांगितले ते ओमेशला ठाऊक नव्हते. म्हणून ते दवनीवाड्याचा एकेक मांडव बघत गेले. आपल्या मुलखातले मांडव सगळ्यांचे सारखे, पण ओमेशला माणसे ओळखू येत. बोलायची त्याला सवय नसावी; चेहरा सरकत गेला की तो हलकेच नाव घेई. हा मुन्नालाल, बँड वाजवायचा. गेला. ही रीताची सासू. हीही गेली. हा गावचा कोतवाल, आहे अजून, पण आंधळा झाला. मध्येच एका पोरांच्या घोळक्याकडे बोट करून तो म्हणाला, “हे पोट्टे आता धान चुरून राहिले,” आणि मळणीला लागलेली ती पोरे आठवून किंचित हसला. देवेंद्र दारात येऊन उभा राहिला होता.

मग हळदीचा एक फोटो आला. पाटावर बसलेली मुलगी, भोवती बायका, आणि अगदी उजव्या कडेला, हातात पितळी ताट घेतलेली एक उंच बाई. पदर डोक्यावरून घसरलेला, तो सावरायला हात मोकळा नाही, म्हणून हसणारी. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. ओमेशने बोट पुढे केले आणि पडद्याला न लावता तसेच धरून ठेवले.

पण ती बारीक प्रत होती. रुचीने ती मोठी करून दाखवली तेव्हा चेहऱ्याचे चौकोन झाले आणि हसू कुठे संपते ते कळेना. भिंतीवरच्या फ्रेमला लागेल असा मूळ फोटो डब्यात होता. आता फोल्डर समजला होता, फोटोही समजला होता. तेवढा एकच काढायचा. तिने चाललेले काम थांबवून तो मागितला.

फळीवर कट्, कट् सुरू झाले. मग जरा शांत. मग पुन्हा. पिवळा दिवा विझला, लागला, विझला. पडद्यावर काहीच हलले नाही आणि शेवटी हा फोटो वाचता येत नाही असे उत्तर आले. तिने आणखी एकदा मागितला. या वेळी आवाज जास्त वेळ चालला, आणि दुसऱ्या डिस्कचा दिवा इतका वेळ विझलेला राहिला की देवेंद्र फळीपाशी जाऊन वाकून पाहू लागला. दिवा पुन्हा लागला. उत्तर तेच.

शामकलाचा फोटो नेमका झिजलेल्या जागेवर पडला होता.

देवेंद्रला अशा वेळी काहीतरी करावे लागे. हातावर हात ठेवून बसणे त्याला जमत नसे. त्याने मोबाइल काढला, त्यातल्या एका ॲपमध्ये ती बारीक प्रत घातली. आजकाल हे ॲप चौकोनांतून चेहरा उभा करते, असे त्याने ओमेशला समजावले. थोड्या वेळात एक चेहरा खरेच उभा राहिला. स्वच्छ, नितळ, डोळ्यांत चमक, दात सारखे. देवेंद्रने मोबाइल मोठ्या विश्वासाने पुढे केला. ओमेशने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला.

“हे कोनाची माय आहे?” त्याने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता. “गोंदन कुठी गेलं?”

देवेंद्रने मोबाइल परत घेतला. त्याचा चेहरा उतरला. तो रुचीकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “एकदा आनखी करून पाहू ना. तिसऱ्यांदा येऊनही जाईल. माणूस तेरवीले रिकाम्या हाती कसा पाठवायचा?”

रुचीला याचेच भय होते. दहाव्यांदा मागितला तर फोटो येईलही, हे तिला ठाऊक होते. असे होते कधी कधी. आणि मागता मागता डिस्क कायमची बंद पडेल, असेही होते. दोन्ही शक्यता खऱ्या होत्या आणि कोणती किती खरी हे कोणीच सांगू शकत नव्हते. देवेंद्रला नाही म्हणता येत नव्हते, ते त्याच्या चांगुलपणामुळेच. नाही म्हणायचे ते तिलाच म्हणावे लागणार होते.

तिने ओमेशला सगळे सोपे करून सांगितले. लपवले काही नाही. डब्यात आणखी काय आहे असे त्याने विचारले, तेव्हा तिने गावांच्या नावांची ओळ त्याच्यापुढे धरली. त्यात दवनीवाडा पुन्हा पुन्हा येत होते. आता तासाभरापूर्वी त्याने ज्यांची नावे घेतली त्या सगळ्यांचे मूळ फोटो तिथेच होते, आणि जे अजून जिवंत होते त्यांचेही. ओमेशने डोक्यावरून हात फिरवला. वाढू लागलेल्या खुंटांचा खरखर आवाज झाला.

“तुले समजते बाई. मले नाई समजत,” तो म्हणाला. “तू सांग.”

रुचीच्या घरी बैठकीत तिच्या वडिलांचा फोटो होता. ते वारले तेव्हा ती शाळेत होती. फोटो दुसऱ्याच कुठल्या स्टुडिओत, कोणाच्या तरी लग्नातून कापून बनवलेला. त्या स्टुडिओने वडिलांच्या अंगावर निळा कोट आणि टाय चढवला होता. वडिलांनी जन्मात कोट घातला नव्हता. सदऱ्याचे वरचे बटण नेहमी तुटलेले असे. पहिली काही वर्षे ती त्या फोटोपुढे उभी राहून कोटाखालचा सदरा आठवायचा प्रयत्न करी. आता वडील म्हटले की तिला कोटच दिसतो.

“काका,” ती म्हणाली, “आज आणखी मागायचा नाही. बाकी सगळे निघू द्या. अगदी शेवटी, डिस्क जिवंत राहिली तर, तुमच्या मायचा मागू. तेव्हा ती गेली तरी दुसऱ्या कोणाचे जाणार नाही.”

“म्हणजे परवा नाई.”

“नाही.”

बाहेरच्या रस्त्यावरून धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर गेला आणि काउंटरची काच थरथरली. ओमेश उठून जाईल असे तिला वाटले. तो उठला नाही.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. ही बारीक प्रत ताणायची नाही, पुसायची नाही, हिच्यात कोणाचे डोळे भरायचे नाहीत. जेवढी आहे तेवढीच छापू; लहान येईल, पण जे येईल ते तिचेच असेल. फ्रेम मात्र मोठी घेऊ, आणि मधल्या पांढऱ्या कागदात तेवढीच खिडकी कापू. आणि निळा रंगही नको. मांडव राहू द्या, ताट राहू द्या.

“लोक म्हनतील, एवढुशी काऊन?” ओमेश म्हणाला. त्याने पुन्हा पडद्याकडे वळून पाहिले. “म्हनू दे. जवळ येऊन पाहतील.”

देवेंद्रने भिंतीवरची सगळ्यात चांगली फ्रेम उतरवली आणि काच पुसायला घेतली.

रुची आतल्या खोलीत गेली. तिने फोल्डरांच्या ओळीतून चमेलीच्या हळदीचा फोल्डर बाहेर काढला आणि सगळ्यात खाली, शेवटच्या व्हिडिओच्याही खाली नेऊन ठेवला. ज्या फोटोवर वाचन अडेल तो सोडून पुढे जावे, अडून बसू नये, अशी सूचना तिने प्रोग्रॅमला दिली. पुढचा बिघाड लगेच कळावा म्हणून डब्याचा बंद केलेला कर्कश आवाज पुन्हा चालू केला. मग काम सुरू केले. फळीवरून एकसारखी, मंद घरघर येऊ लागली.

छापलेला फोटो हातात आला तेव्हा तो तिच्या तळव्यात मावत होता. तिने पट्टी धरून पांढऱ्या कागदात खिडकी कापली, कडा एकदा बोटाने तपासल्या, आणि फोटो मागून चिकटवला. ओमेश तिच्या हातांकडे बघत उभा होता. काचेखाली गेल्यावर तीन ठिपके दिसत होते. घसरलेला पदर दिसत होता. देवेंद्रने फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधली, आणि ओमेशने खिशात हात घातला तेव्हा नको म्हणून मान हलवली. ओमेशने वाद घातला नाही. त्याने पायरीखाली चपला घातल्या, मोटारसायकलवर बसून फ्रेम पोटाशी धरली आणि वरून दुपट्टा करकचून बांधून घेतला. निघताना एवढेच म्हणाला की शेवटी मायचा निघाला तर फोन करजो, रात्र असो की दिवस.

तो गेल्यावर रुची आत आली. पडद्यावर गावांची नावे एकामागून एक पुढे सरकत होती. दवनीवाडा येऊन गेले होते. आता देवरीकडची गावे चालली होती. तिने स्टूल ओढले आणि दिव्यांसमोर बसली. पिवळा अजून लागलेला होता.